फुटक्या तळ्याची कहाणी

ऐक, भुईच्या पोटातल्या पाण्या, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. हातात तांदळाचे दाणे धरा, चुळबूळ करूं नका. पाणी सावकाश उतरतं, तशी ही कहाणीही सावकाश उतरायची आहे.

आटपाट नगर सगळे सांगतात. हे नगर आटपाट नव्हतं, चढउताराचं होतं. डोईवर माळ होता, माळावर तळं होतं. पायाशी गाव होतं, गावात बारव होती. तळं फुटकं होतं. श्रावणात भरायचं, दिवाळीला अर्धं व्हायचं, शिमग्याला कोरडं पडायचं. बारव मात्र कधी आटली नाही. वैशाखातही वरच्या पायरीवर बसून पाय बुडवावेत, इतकं तिच्यात पाणी. लोक तळ्याला हसायचे, बारवेला हात जोडायचे. दोहोंचं नातं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दरसाल वैशाखाच्या अवसेला गावच्या बाया माळावर चढायच्या. संगे पाटी, खुरपं आणि बारवेच्या पाण्याचा तांब्या. कोरड्या तळ्यात उतरायच्या. पावसानं आणलेला गाळ खरवडायच्या, पाच पाच पाट्या बांधावर टाकायच्या. खरवडता खरवडता काळा खडक लागायचा. खडकाला भेगा होत्या, कुठं बोटभर, कुठं हातभर. मग भेगेपाशी ओणवं व्हायचं, तांब्यातलं पाणी आत सोडायचं, आणि तोंड लावून म्हणायचं, "वाट मोकळी आहे, बाई." मग उठायचं, माळ उतरून थेट बारवेपाशी यायचं. उतरताना मागं वळून पाहूं नये. मागून हाक आली तरी ओ देऊं नये. कां, ते कुणाला ठाऊक नव्हतं. सासूनं सुनेला सांगायचं, सुनेनं तिच्या सुनेला. याला गाळाचा वसा म्हणायचे.

पहिली पाटी पाटलाच्या घरची. पाटलाची आई बयजाबाई, ती जन्मभर पहिली पाटी उचलायची. तिच्या उजव्या पायाची करंगळी लहानपणी उखळाखाली सापडून वाकडी झाली होती. तरी माळ चढताना तिच्यापुढं कुणी गेलं नाही. एके साली बयजाबाई वारली. मग मान तिच्या सुनेकडे आला.

सुनेचं नाव म्हाळसा. बाई गुणाची, घर राखणारी. तिच्या घरी दूध उतूं गेलं नाही, डेऱ्याला चीर राहिली नाही. गळकं मडकं दिसलं की तिचा जीव खालीवर व्हायचा. अंगण असं सारवायची की सांडलेला भात उचलून खावा. अशी बाई अवसेला तळ्यात उतरली, भेगा पाहिल्या, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तळं गळतंय ते इथून होय," म्हणाली. "आणि आपण दरसाल येऊन ती भोकं साफ करून जातो?"

बायांत ठकूबाई नावाची म्हातारी होती. बयजाबाईच्या बरोबरीची, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "म्हाळसे, वसा आहे तो. तुझ्या सासूनं कधी विचारलं नाही."

"सासूबाईंचं सासूबाईंपाशी. फुटकं मडकं मी घरात ठेवत नाही, फुटकं तळं गावात कां ठेवूं?"

"मडकं कुंभारानं केलेलं असतं बाई. हे कुणी केलंय?"

"कुणी का केलेलं असेना. लिंपायला माझे हात आहेत."

"मग लिंप. तुझं सारवण पंचक्रोशीत नावाजलंय. उद्या आभाळाला भोक पडलं तरी तुलाच बोलावूं."

बाया हसल्या. म्हाळसाही हसली. पण तिनं मनावर घेतलं.

मग कुंभारवाड्यातून माती आणली. मग भट्टीचा चुना आणला. मग शेण आणि भुसा आणला. भेगा बुजवल्या, वर जाड थर दिला, थरावर म्हशी घातल्या. म्हशी गोल गोल फिरल्या, खुरांनी माती दाबली, तळ अंगणासारखा घट्ट झाला. म्हाळसानं तांब्यातलं पाणी वर ओतलं. पाणी होतं तिथंच राहिलं. "बघा," म्हणाली, "थेंब जात नाही." मग बाया गप्पा मारत, पुन्हा पुन्हा मागं वळून तळ्याकडे पाहत माळ उतरल्या. मागं काही नव्हतं. त्या साली मागून कुणी हाक मारली नाही.

मग पाऊस आला, तळं भरलं. दिवाळी आली, तळं भरलेलं. संक्रांत आली, तळं भरलेलं. शिमगा आला, तळं अजून बांधाखाली हातभर. गावानं म्हाळसाला लुगडं नेसवलं, ओवाळलं. पण गुरं तळ्यावर जायची, पाण्याला नाक लावायची, आणि न पिता माघारी फिरायची. त्या पाण्यात आभाळ दिसायचं. बांधावरची बाभूळ दिसायची. वाकलेल्या बाईला आपलं तोंड मात्र दिसायचं नाही.

इकडं बारवेत काय झालं? दिवाळीला पाणी एका पायरीनं उतरलं. बाया म्हणाल्या, "असूं दे, धुणं आपटायला पायरी झाली." संक्रांतीला कोनाडा उघडा पडला. बाया म्हणाल्या, "असूं दे, दिवा लावायला झाला." शिमग्याला कुणीच कधी न पाहिलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या. त्यांच्यावर शेवाळ नव्हतं. त्या मधोमध झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, जशा रोजच्या जाण्यायेण्यानं होतात. तेव्हा बाया काही म्हणाल्या नाहीत.

त्याच शिमग्यात म्हाळसाची सून येसू बाळंत झाली. मुलगी झाली, काळ्याभोर जावळाची. येसूला दूध इतकं की चोळी भिजायची. म्हाळसा म्हणायची, "माझ्या घरात काही गळूं नये, पण हे गळूं दे."

मग चैत्र लागला. बारव आटली. गावातले आड आटले. ओढ्यातले झरे आटले. पाटलानं माणसं लावली, बारव खोल करायला घेतली. पहिल्यांदा खणली, दगड लागला. दुसऱ्यांदा खणली, कोरडी माती लागली. तिसऱ्यांदा पहार आरपार गेली आणि आत कुणीतरी श्वास आत ओढून घेतला. माणसं वर आली, हत्यारं तिथंच टाकून घरी गेली. दुसऱ्या दिवशी बोलावलं तर म्हणाली, "पाटील, आमची पाठ दुखते."

मग गाव तळ्याचं पाणी आणायला लागलं. हिरवं पाणी, चार पदरांतून गाळायचं, उकळायचं, नाक धरून प्यायचं. दुसरं होतंच कुठं?

मग एके सकाळी बारवेच्या तळच्या पायरीवर ओली पावलं दिसली. बारव कोरडी ठाक, आणि पावलं ओली. बायकांची, अनवाणी. झऱ्याच्या भोकातून निघालेली, वर येणारी. खाली जाणारं एकही पाऊल नाही. दुसऱ्या सकाळी पावलं वरच्या पायरीवर. तिसऱ्या सकाळी रस्त्यावर. रोज थोडी पुढं, थोडी पुढं. वेशीवरून वळली, देवळाला वळसा घालून गेली, कुणाच्याही दारात थांबली नाहीत. बाया त्यांच्यावर पाय न ठेवता कडेकडेनं चालायच्या.

ठकूबाई म्हणाली, "साती आसरा उठल्या. पाण्यातल्या बाया आहेत, पाणी नसेल तर बसतील कुठं?"

दुसरी म्हणाली, "पण ठकूबाई, पावलं सात जणींची नाहीत. मी पाहिली. आठ जणींची आहेत."

ठकूबाईनं पदर तोंडाला लावला. "मीही पाहिलीत," म्हणाली.

मग पावलं पाटलाच्या अंगणात आली. त्या दिवशी येसूचं दूध निम्मं झालं. पावलं ओटीवर आली. दूध ओंजळीवर आलं. पावलं बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी आली. दूध थेंबावर आलं. बाळ स्तनाला तोंड लावायचं, ओढायचं, रडायचं. मग रडणंही थांबलं. शेळीचं दूध दिलं, बाळानं ओकून टाकलं. साखरेच्या पाण्याचं बोट दिलं, तोंड फिरवलं. भिंतीकडे मान करून पडून राहायचं, जणू भिंतीपलीकडचं काही ऐकतंय.

म्हाळसानं आसरांना हिरवं लुगडं वाहिलं. सकाळी लुगडं उंबऱ्यावर घडी घालून परत. खणानारळाची ओटी भरली. ओटी उंबऱ्यावर परत. दहीभाताचा नैवेद्य ठेवला. पान उंबऱ्यावर परत, एक शीत हललेलं नाही. ते पान उचलायला म्हाळसा वाकली, आणि उंबऱ्याजवळची पावलं तिनं पहिल्यांदा नीट पाहिली. सगळ्यांत मागं एक उजवं पाऊल होतं. त्याची करंगळी वाकडी होती.

म्हाळसा खालीच बसली.

येसू आतून म्हणाली, "आत्याबाई, काय झालं?"

"काही नाही. तूं बाळाला पदराखाली घे. मी आले."

भर दुपार होती. उन्हात रस्त्यावर कुत्रं नव्हतं. भर दुपारी बारवेत उतरूं नये म्हणतात. म्हाळसा उतरली. पावलं जिथून निघाली होती तिथवर, पायरी पायरी, उलट्या वाटेनं गेली. तळाशी झऱ्याचं भोक होतं. त्यात डोकं घातलं, मग खांदे घातले, मग सरपटत आत गेली, माळाच्या बाजूला, चढत चढत. आत अंधार, थंडगार, ओल्या मातीचा वास उरलेला, पण ओल नाही. मग सरपटायची जागा संपली. उभं राहता आलं. डोळे अंधाराला सरावले, तों काय पाहिलं?

बाया बसल्या होत्या. भिंतीला टेकून, रांगेनं. प्रत्येकीच्या मांडीवर घागर, घागर कोरडी. माना वर केलेल्या, तोंडं उघडी. जशी पिल्लं घरट्यात उघडतात तशी. सातजणी, आणि शेवटची आठवी.

आठवीनं मान न हलवता म्हटलं, "सूनबाई, अंगण चांगलं सारवलंस."

म्हाळसानं वर पाहिलं. वर छत होतं. काळा खडक, खडकाला भेगा, आणि भेगांत चुन्याची पांढरी माती, घट्ट बसलेली. म्हशींच्या खुरांनी ती खाली दाबली होती. भेगेभेगेत खुराची टोकं उमटलेली दिसत होती, खालच्या बाजूनं.

"सासूबाई," म्हाळसा म्हणाली, "हा तळ्याचा तळ."

"तुमचा तळ. आमचं आढं. वरचं पाणी आमच्याकडं उतरायचं, थेंब थेंब. आम्ही घागरीत धरायचो. निवळलं की पुढं सोडायचो. थोडं लगेच बारवेत जायचं, थोडं आडाला, थोडं ओढ्याला. थोडं इतकं सावकाश जायचं, की मी नवरी होऊन आले तेव्हा पडलेलं पाणी तूं येसूच्या लग्नात वाढलंस. ते तळं फुटकं नव्हतं गं. भुई त्या तोंडानं पाणी प्यायची."

"मला ठाऊक नव्हतं. तुम्ही कधी सांगितलं नाही."

"मलाही कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही वसा सांगितला, तेवढंच आम्हांला ठाऊक."

"सासूबाई, बाळ जायला टेकलंय. शाप काढा."

तेव्हा पहिली बाई बोलली. आवाज कोरड्या पन्हाळीतून वारा जावा तसा. "आम्ही शाप देत नाही. आम्हांला तहान लागली. जिथं ओल दिसली तिथं आलो. साऱ्या गावात तुझ्या घरात ओल होती, बाळंतिणीच्या अंगात. गोड लागली. लुगडं प्यायला येत नाही, बाई."

म्हाळसानं हात जोडले. "काय करूं ते सांगा. उतणार नाही, मातणार नाही."

बयजाबाई म्हणाली, "लिंपलंस ते तुझ्या हातानं उकर. पाणी सुटलं की माळ उतर, बारवेशी ये. आम्ही तुझ्या मागून येऊं, पाण्याला वाट दाखवत. आमच्याकडं वळून पाहिलंस, तर आहोत तिथं थांबूं. आणि पाणीही तिथंच थांबेल."

म्हाळसा बाहेर आली. घरी गेली, पहार घेतली, माळाची वाट धरली. गाव जमा झालं. पाटील आडवा आला.

"अगं, कुठं निघालीस?"

"तळं फोडायला."

"उन्हानं डोकं फिरलं तुझं. बारव गेली, आड गेले, एवढं एक पाणी उरलंय. तेही मातीत घालतेस? नाही उतरलं खाली तर गावानं प्यायचं काय?"

"अहो, पाणी मीच कोंडलं. मला सोडूं द्या."

"आधी कोंडायचं, मग सोडायचं. गाव काय तुझा डेरा आहे?"

माणसं बांधावर हात धरून उभी राहिली. म्हाळसाला पुढं जाऊं देईनात. तेवढ्यात येसू आली. ओली बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेलं, बाळाला पदरात घेऊन माळ चढून आली. बांधावर बसली. बाळ मांडीवर ठेवलं. बाळाचे डोळे मिटलेले, पोट पाठीला लागलेलं. सगळ्यांनी पाहिलं.

येसू सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, हे पाणी मी आजवर प्यायले. त्यानं मला दूध आलं नाही. आत्याबाई, तुम्ही फोडा. नाही उतरलं तर आम्ही मायलेकी इथंच आहोत, गावानं आम्हांला विचारावं."

पाटलानं मान खाली घातली. माणसांनी हात सोडले.

मग म्हाळसा पाण्यात उतरली. पाणी कमरेला लागलं, कोमट, शेवाळानं भरलेलं. पण फोडायचं कुठं? खालचं काही दिसेना. ती उभी राहिली. पायाखाली ठक झालं. दोन पावलं सरकली, पुन्हा ठक. आणखी सरकली, टाचेखाली ठकठक, जसं कुणी आतून कडी वाजवावी. तिथं तिनं पहार घातली. एकदा घातली, हात भरून आले. दुसऱ्यांदा घातली, माती हलली. मग पहार टाकली, खाली बसली, डोकं पाण्याखाली गेलं, नखांनी उकरलं. आपणच सारवलेलं आपणच उकरलं. तिसऱ्यांदा बोटं आत गेली, आणि आतून कुणीतरी बोटं धरली. थंड हात. ओढलं. म्हाळसानं तोंड खाली नेलं आणि पाण्यातच म्हटलं, "वाट मोकळी आहे, बाई."

हात सुटला.

ती वर आली, श्वास घेतला. पाण्यात भोवरा पडला होता. आवाज नव्हता. मग आवाज आला, पुष्कळजणी एकदम घटाघटा पीत असाव्यात तसा. बांधावरची माणसं मागं सरली.

म्हाळसा निथळत बाहेर आली, माळ उतरायला लागली. मागून पावलं वाजली. ओली, चपचप. एक नाही, पुष्कळ.

थोडी उतरली, तों मागून पाटलाचा आवाज आला. "अगं, थांब, पाणी उतरत नाही, नुसतं फिरतंय." म्हाळसा थांबली नाही.

आणखी उतरली, तों मागून बयजाबाईचा आवाज आला. "सूनबाई, एकदा तोंड दाखव गं. पुन्हा दिसायची नाहीस." म्हाळसाचे डोळे भरले. थांबली नाही.

बारव दिसायला लागली, तों मागून येसूचा आवाज आला. अगदी कानाशी. "आत्याबाई, बाळ हलत नाही."

म्हाळसाचा पाय जागीच रुतला. मान वळायला लागली. मग तिनं पदराचं टोक दातांत धरलं, मान दोन्ही हातांनी धरली, आणि पाऊल उचललं. एक उचललं. दुसरं उचललं. तिसरं बारवेच्या पायरीवर पडलं. तेव्हा मागची पावलं तिच्या दोन्ही अंगांनी पुढं गेली. ती दिसली नाहीत. गारवा तेवढा लागून गेला. आणि तळाशी, झऱ्याच्या भोकात, थेंब पडला.

मग दुसरा पडला. मग धार लागली.

म्हाळसा पायरीवर बसून राहिली. वर जायचा धीर होईना. ऊन कललं. मग वरच्या पायरीवर सावली पडली. येसू होती. बाळ पदराखाली होतं, आणि पदराखालून चुटूचुटू आवाज येत होता.

"येसू, तूं मला हाक मारलीस?"

"मी? नाही आत्याबाई. तुम्ही पाठ फिरवलीत आणि माझी चोळी भिजली. हिनं तोंड लावलं ते सोडेना. हलले तर सोडेल म्हणून मी शब्दही काढला नाही."

संध्याकाळी दोघी घरी आल्या. उंबऱ्यावर पावलं होती. पण आता ती बाहेर जाणारी होती. ओटीवरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यानं बारवेकडे. सगळ्यांत मागचं वाकड्या करंगळीचं. ते एक पाऊल उंबऱ्यावर वळलेलं होतं, आतल्या बाजूला, जसं कुणी जाता जाता बाळाकडे पाहावं. म्हाळसा त्याच्याजवळ बसली. वाळेपर्यंत बसली.

मग बारव भरली. लगेच नाही भरली, हळूहळू भरली. आड भरले, ओढ्याला झरे फुटले. तळं दिवाळीला अर्धं, शिमग्याला कोरडं, पहिल्यासारखं फुटकं झालं. दरसाल वैशाखाच्या अवसेला म्हाळसानं पहिली पाटी उचलली. मग नातीच्या हातात खुरपं दिलं, तिला वसा सांगितला, आणि कशासाठी तेही सांगितलं. ठकूबाई म्हणायची, "अंगण मात्र आता आपलंच सारव हो, म्हाळसे." म्हाळसा म्हणायची, "तेही जरा कडेला कोरं ठेवते." पुढं पुष्कळ वर्षांनी म्हाळसा गेली. त्या साली वसा करून बाया उतरत होत्या, तेव्हा मागून चालणाऱ्यांत एक पाऊल जास्त वाजलं. कुणी वळून पाहिलं नाही. नातीनं तेवढं हसून घेतलं.

तर बायांनो, आपल्या भुईत पाणी जिरतं तेव्हा वाया गेलं म्हणूं नका. खाली कुणाची तरी सासू घागर धरून बसली आहे. तिचं आढं लिंपूं नका, तिची वाट बुजूं देऊं नका. म्हाळसाची वाट चुकली आणि पुन्हा सापडली, तशी चुकलेल्याला सापडो. येसूचा पान्हा परतला, तसा तुमच्या लेकीसुनांचा, गाईगुरांचा न आटो. साठ उत्तरांचं पाणी वर पडलं, पाच उत्तरांनी खाली झिरपलं, तुमच्या आमच्या बारवेला लागलं. कहाणी फळली, इथं पुरी झाली. हातातले दाणे आता वाहा, आणि उठून जाताना मागं पाहूं नका.